वाचकांचे प्रश्न : जुनी सरकारी दप्तरे आणि वाचकांचा हातभार

जगभरातील सरकारी अभिलेखागारे आपली जुनी कागदपत्रे इंटरनेटवर खुली करत आहेत आणि ती वाचण्याच्या, उतरवून घेण्याच्या व सूचीत आणण्याच्या कामात सर्वसामान्य नागरिकांनाही सामील करून घेत आहेत, अशा आशयाचे टिपण या सदरात प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. ज्या पत्रांचा रोख एकच होता ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : एका राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मी माझ्या पणजोबांचे नाव निरनिराळ्या प्रकारे टाकून पाहिले. ते सरकारी नोकरीत होते, त्यामुळे त्यांची नोंद असणारच. तरीही हाती काही लागले नाही. नोंद नष्ट झाली असे समजावे काय?

उत्तर : इतक्यात तसा निष्कर्ष काढू नये. शोधखिडकीत आपण नाव टाकतो तेव्हा संगणक बहुतेक वेळा मूळ कागद धुंडाळत नाही. त्या कागदांविषयी कोणीतरी लिहून ठेवलेले वर्णन तो धुंडाळतो. हे वर्णन सहसा एकेका कागदाचे नसून संपूर्ण फाइलचे, खोक्याचे किंवा नोंदवह्यांच्या मालिकेचे असते. ‘अमुक खात्याचा आवक पत्रव्यवहार, अमुक साल ते अमुक साल’ एवढ्या एका ओळीमागे हजारो पाने असू शकतात आणि त्या पानांवरच्या एकाही माणसाचे नाव त्या ओळीत नसते. शिवाय दप्तराचे वर्णन ऑनलाइन असणे, त्याची छायाचित्रे ऑनलाइन असणे आणि त्या छायाचित्रांतील मजकूर शोधण्याजोगा असणे या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. मोठमोठ्या अभिलेखागारांतीलही बराचसा संग्रह अजून पहिल्याच पायरीवर आहे. आपल्या पणजोबांचे नाव एखाद्या पानावर स्पष्ट अक्षरांत असेल, त्या पानाचे छायाचित्रही संकेतस्थळावर असेल, पण ते नाव कोणी टंकून ठेवले नसेल, तर शोधखिडकीच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. नागरिकांच्या सहभागाची गरज नेमकी येथे निर्माण होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावलेली असतात, तशी सरकारी दप्तरे नसतात. ज्या कचेरीने कागद तयार केला त्या कचेरीच्या नावाखाली, आणि तिच्या कामकाजात तो ज्या क्रमाने आला त्या क्रमाने, तो जतन करावा हा अभिलेखशास्त्राचा मूळ नियम आहे. म्हणून ‘माझे पणजोबा कोठे सापडतील?’ यापेक्षा ‘त्यांचे नाव लिहून ठेवण्याची गरज कोणत्या कचेरीला, कोणत्या साली आणि कशासाठी पडली असेल?’ हा प्रश्न अधिक फळ देतो. नेमणूक, पगारपत्रक, बदली, शिस्तभंगाची चौकशी, निवृत्तिवेतन, जमिनीची नोंद, जनगणना, जहाजावरील प्रवाशांची यादी अशा प्रत्येक प्रसंगाला वेगळी कचेरी आणि वेगळी वही होती. त्या कचेरीची मालिका शोधावी, साल निश्चित करावे आणि मग छायाचित्रे पान उलटून पाहावीत. हे काम सावकाशीचे आहे, पण शोधखिडकीपेक्षा पुष्कळदा भरवशाचे ठरते.

यांपैकी निवृत्तिवेतनाच्या फायली सर्वांत श्रीमंत असतात, असे माझे मत आहे, कारण तेथे अर्जदाराला आपले आयुष्य सिद्ध करावे लागत असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तेथील स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या अशा ८० हजारांहून अधिक फायली आहेत आणि त्या उतरवून घेण्यासाठी नागरिकांना आवाहन करण्यात आले आहे. १८३२ च्या निवृत्तिवेतन कायद्याखाली अर्ज करणाऱ्या वृद्ध सैनिकांजवळ अनेकदा लेखी पुरावा नसे. ते न्यायालयात उभे राहून आपला जन्म कोठे झाला, कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली नोकरी केली, कोणत्या लढाया पाहिल्या हे सांगत आणि कारकून ते लिहून घेई. पुढे त्यांच्या विधवांनी अर्ज केले तेव्हा विवाहाचा पुरावा मागितला गेला. तो दुसऱ्या कोणत्या रूपात नसल्याने काही जणींनी घरच्या बायबलमधील, लग्ने आणि मुलांचे जन्म लिहिलेले पानच फाडून अर्जासोबत जोडले. ती पाने आजही त्या फायलींत आहेत. सरकारला फक्त वेतन द्यायचे की नाही एवढेच ठरवायचे होते, पण त्या निमित्ताने सामान्य माणसांच्या घरातील जन्म-विवाहांची टिपणे सरकारी दप्तरात येऊन पडली. मालिकेच्या एका ओळीच्या वर्णनावरून असे काही आत असेल याची कल्पनाही येत नाही.

नोंदी खरोखरच नष्ट झाल्याची उदाहरणेही आहेत, हे नाकारता येत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे बहुतांश तक्ते १९२१ मधील आगीनंतर हाती राहिले नाहीत. इंग्लंड व वेल्सच्या १९३१ च्या जनगणनेचे तक्ते १९४२ च्या आगीत जळाले. डब्लिनमधील सार्वजनिक अभिलेख कार्यालय ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात उद्ध्वस्त झाले आणि आयर्लंडची अनेक शतकांची दप्तरे त्यात गेली. तरीही सरकारी कागदाची एकच प्रत सहसा नसते. एका कचेरीने पाठवलेले पत्र दुसऱ्या कचेरीच्या आवक बारनिशीत असते. आयर्लंडमधील संशोधकांनी याच आधारावर, इतर अभिलेखागारांतील नकला आणि उतारे गोळा करून, त्या जळालेल्या संग्रहाची ऑनलाइन पुनर्बांधणी हाती घेतली आणि २०२२ मध्ये, बरोबर १०० वर्षांनी, ती लोकांसाठी खुली केली. एका ठिकाणी नोंद नसेल तर ती ज्या कचेरीकडे पाठवली गेली असेल तिचे दप्तर पाहावे, हा धडा आपल्यालाही उपयोगी आहे.

आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. काही नोंदी मुदत संपेपर्यंत बंद असतात. अमेरिकेत जनगणनेतील वैयक्तिक माहिती ७२ वर्षे खुली करत नाहीत. इंग्लंडमध्ये ही मुदत १०० वर्षांची आहे, म्हणूनच तेथील १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये पाहावयास मिळाली.

प्रश्न : मी इतिहासाचा अभ्यासक नाही. माझ्यासारख्याने चार पाने टंकून दिली तर त्याचा खरोखर काही उपयोग होतो, की लोकांना गुंतवून ठेवण्याची ही केवळ एक योजना आहे?

उत्तर : उपयोग होतो, आणि अनेकदा तो असा असतो की ते दप्तर लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसता.

लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात शाही नौदलाच्या जहाजांच्या रोजनिश्या आहेत. जहाज कोठे आहे, कोणत्या दिशेने चालले आहे, हवा कशी आहे, हे पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने ठराविक तासांनी लिहावे असा शिरस्ता होता. वायुभारमापकाचा आकडा, तापमान, वाऱ्याची दिशा व जोर, आणि आकाशासाठी एकेक अक्षर : निरभ्र आकाशाला ‘बी’, ढगांना ‘सी’, पूर्ण झाकोळलेल्या आकाशाला ‘ओ’, पावसाला ‘आर’. युद्ध चालू असो वा नसो, हे लिहिले जाई. नौदलाच्या दृष्टीने या नोंदींचे प्रयोजन त्या प्रवासापुरते होते. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात, समुद्राच्या ज्या भागांत हवामानाचे निरीक्षण करणारे दुसरे कोणी नव्हते, तेथे ही जहाजे होती. ऑक्टोबर २०१० मध्ये ‘ओल्ड वेदर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि या रोजनिश्यांची छायाचित्रे लोकांपुढे ठेवण्यात आली. लोकांनी उतरवलेल्या आकड्यांतून १६ लाखांहून अधिक हवामान-निरीक्षणे हाती आली आणि गेल्या शतकातील हवामानाचे चित्र पुन्हा उभे करण्यासाठी शास्त्रज्ञांना ती वापरता आली. पुढे अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारातील, आर्क्टिक समुद्रात गेलेल्या जहाजांच्या रोजनिश्याही या प्रकल्पात आल्या; त्यांत बर्फाच्या नोंदी होत्या.

या प्रकल्पातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग पुढे आहे. आयोजकांना मुख्यतः हवामानाचे आकडे हवे होते. पण आकडे टंकणाऱ्या माणसाला शेजारचा मजकूरही दिसत होता, आणि तो वाचल्यावाचून राहवत नव्हते. कोण आजारी पडले, कोणाचा समुद्रात दफनविधी झाला, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत जहाजावरची किती माणसे अंथरुणाला खिळली, हे सहभागी लोक स्वतःहून टिपू लागले आणि एकमेकांना विचारू लागले. एका जहाजाची वही महिनोन्महिने वाचणाऱ्याला त्या जहाजावरची माणसे ओळखीची होत गेली. आकड्यांच्या शोधात सुरू झालेल्या कामातून जहाजांचे इतिहास तयार झाले, आणि हे कोणीही आदेश देऊन करवून घेतलेले नव्हते.

दुसरे उदाहरण वेगाचे आहे. ब्रिटिश हवामान खात्याच्या अभिलेखागारात पर्जन्यमानाचे सुमारे ६५ हजार कागद होते. एकेका कागदावर एका ठिकाणच्या पर्जन्यमापकाचे १० वर्षांचे मासिक आकडे हाताने लिहिलेले होते आणि सर्वांत जुनी नोंद १६७७ ची होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लोक घरी असताना रेडिंग विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी हे कागद ‘रेनफॉल रेस्क्यू’ या नावाने लोकांपुढे ठेवले. सुमारे १६ हजार स्वयंसेवकांनी अवघ्या १६ दिवसांत ५० लाखांहून अधिक आकडे उतरवून दिले. त्यानंतरची तपासणी आणि प्रत्येक पर्जन्यमापक नेमका कोठे होता हे ठरवण्याचे काम मात्र दीर्घकाळ चालले, आणि त्यातही काही स्वयंसेवक शेवटपर्यंत राहिले. याचा परिणाम असा झाला की ब्रिटनची पर्जन्यमानाची अधिकृत मासिक मालिका १८६२ ऐवजी १८३६ पर्यंत मागे नेता आली आणि तेथील सर्वांत कोरडे वर्ष १८८७ नसून १८५५ होते असे दिसून आले. दुष्काळात पाण्याचा साठा किती लागेल याचा हिशेब करणाऱ्यांना हे कळणे फार गरजेचे आहे, कारण सर्वांत वाईट वर्ष कोणते यावरच तो हिशेब उभा असतो.

तेव्हा चार पानांचे मोल चार पानांएवढेच असते हे खरे, पण ती चार पाने दुसऱ्या कोणी केली नसती तर त्या मालिकेत चार पानांचे भगदाड राहिले असते.

प्रश्न : कोणीही अनोळखी माणूस खाते उघडून मजकूर टंकणार असेल, तर त्या मजकुरावर अभ्यासकाने विश्वास कसा ठेवावा? एखाद्याने चुकीचे किंवा मुद्दाम खोटे लिहिले तर?

उत्तर : विश्वास माणसावर नव्हे, पद्धतीवर ठेवायचा असतो. या कामाच्या पद्धती आता बऱ्याच पक्क्या झाल्या आहेत. अनेक प्रकल्पांत एकच पान एकमेकांना न दाखवता अनेक जणांकडून उतरवून घेतात आणि जेथे उतारे जुळतात ते ग्राह्य धरतात. नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये अॅम्स्टरडॅमच्या नगर अभिलेखागाराच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘फेले हांडेन’ या उपक्रमात दोन जण स्वतंत्रपणे नोंद करतात आणि तिसरा अनुभवी स्वयंसेवक दोन्ही नोंदी मूळ छायाचित्राशी ताडून निर्णय देतो. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१८ पासूनच्या उपक्रमात एकाने उतरवलेले पान दुसऱ्याने तपासून मान्य केल्याशिवाय पूर्ण समजले जात नाही. आणि मूळ कागदाचे छायाचित्र शेजारीच असल्यामुळे शंका आली की कोणालाही प्रत्यक्ष पाहता येते. छापील सूचीत झालेली चूक दुरुस्त व्हायला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागे. येथे ती त्याच दिवशी दुरुस्त होऊ शकते. मुद्दाम खोटे लिहिण्याचा प्रकार अशा व्यवस्थेत टिकत नाही.

माझ्या मते खरा धोका खोडसाळपणाचा नसून चांगल्या हेतूने केलेल्या सुधारणेचा आहे. जे लिहिले आहे तेच आणि तसेच उतरवायचे, हा या कामाचा पहिला नियम आहे आणि सुशिक्षित माणसाला तोच सर्वांत जड जातो. कारकुनाने आडनाव चुकीचे लिहिले आहे हे दिसत असते आणि आपला हात ते बरोबर करण्याकडे वळतो. तसे करू नये. त्या कारकुनाने ते नाव कसे ऐकले, हीसुद्धा माहिती आहे. कदाचित बोलणाऱ्याचा उच्चार त्यातूनच कळेल. शिवाय एकाच माणसाचे नाव चार वह्यांत चार प्रकारे असेल आणि आपण चारही ठिकाणी पाचवेच रूप घातले, तर पुढच्या शोधकाला मूळ वहीत ते कधीच सापडणार नाही. जहाजाच्या अधिकाऱ्याने पूर्व रेखांशाऐवजी पश्चिम रेखांश लिहिल्याने जहाज कागदावर भलत्याच महासागरात गेल्याचे प्रकार रोजनिश्यांत आढळतात. तेथेही उताऱ्यात अधिकाऱ्याने लिहिलेलेच ठेवावे आणि आपली शंका टिप्पणीच्या रकान्यात नोंदवावी. न कळलेले अक्षर अंदाजाने भरण्यापेक्षा ‘अवाचनीय’ अशी खूण करणे अधिक प्रामाणिक आहे. प्रत्येक प्रकल्पाची त्यासाठी ठरलेली चिन्हे असतात आणि ती आधी वाचून घ्यावीत.

खाडाखोड, समासातील टिपा, शिक्के, वेगळ्या शाईतील मजकूर यांची नोंदही सुटू देऊ नये. अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेच्या तक्त्यांत काही नावांपुढे वर्तुळात फुलीची खूण दिसते. घरातील ज्या व्यक्तीने गणकाला माहिती सांगितली तिच्या नावापुढे ती करायची होती. वरवर पाहता ती एक फालतू खूण वाटते. पण एखाद्या वृद्धेचे वय दहा वर्षांनी चुकलेले असेल, तर ते तिने स्वतः सांगितले की सुनेने सांगितले, हे त्या खुणेवरून ठरते आणि त्या नोंदीला किती वजन द्यायचे तेही त्यावर अवलंबून राहते. ही जनगणना २ एप्रिल २०१२ रोजी खुली झाली तेव्हा तिला नावांची सूचीच नव्हती. माणूस शोधायचा तर तो कोणत्या गणना-विभागात राहत होता हे आधी माहीत असावे लागे. दीड लाखांहून अधिक स्वयंसेवकांनी काही महिन्यांतच सुमारे १३ कोटी २० लाख नावांची सूची पुरी केली.

प्रश्न : आता संगणक हस्ताक्षरही वाचू लागला आहे. मग माणसांनी डोळे शिणवण्याची गरज उरली आहे काय?

उत्तर : गरज उरली आहे, पण तिचे स्वरूप बदलले आहे. १ एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेची १९५० ची जनगणना खुली झाली, तेव्हा नावांची पहिली सूची संगणकानेच हस्ताक्षर वाचून तयार केलेली होती. त्याच वेळी त्या संकेतस्थळावर लोकांना नावे दुरुस्त करण्याची सोयही दिलेली होती, कारण यंत्राने केलेल्या वाचनात चुका राहणार हे उघड होते. युरोपात ‘ट्रान्स्क्रिबस’सारखी साधने वापरून लक्षावधी पानांचे यांत्रिक वाचन झाले असून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अवाढव्य दप्तराचाही त्यात समावेश आहे. परंतु एखाद्या काळाचे वा कचेरीचे हस्ताक्षर वाचायला यंत्राला शिकवायचे तर आधी माणसांनी अचूक उतरवलेली पाने त्याला द्यावी लागतात.

यंत्राच्या चुकांचा स्वभावही निराळा असतो, हे मला अधिक काळजीचे वाटते. माणूस अडला की थांबतो आणि प्रश्नचिन्ह टाकतो. यंत्र मात्र न वाचता आलेल्या जागीही पुष्कळदा नीटनेटका, अर्थपूर्ण दिसणारा शब्द बसवते आणि वाचणाऱ्याला तेथे अडखळण्याचे कारणच राहत नाही. रकान्यांची सरमिसळ, वरच्या ओळीसाठी काढलेली ‘तदैव’ची खूण, समासातून तिरकी गेलेली टीप येथे ते विशेष चुकते. यांत्रिक वाचनाने शोध फार सोपा झाला आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे, पण शोधाने जे पान दाखवले ते डोळ्यांनी वाचल्याखेरीज त्याचा आधार घेऊ नये.

प्रश्न : जुन्या सरकारी कागदांत छळाच्या, गुलामीच्या, वंशभेदाच्या नोंदी असतात, अपमानकारक शब्द असतात. अशा गोष्टी सर्वांपुढे मांडून त्या माणसांची पुन्हा विटंबना होत नाही काय? आणि उतरवणाऱ्याने ते शब्द टंकावेत काय?

उत्तर : या अंकासाठी आलेल्या पत्रांतील हा प्रश्न मला सर्वांत गंभीर वाटला.

सुरिनाममध्ये डच वसाहतीच्या काळी गुलामांची नोंदपुस्तके होती. १८३० ते १८६३ या काळातील ही पुस्तके मालकांच्या नावाखाली लावलेली आहेत. माणसे ही मालमत्ता म्हणून लिहिलेली आहेत, बहुतेकांना आडनाव नाही, आणि मुलाच्या नोंदीत आईचे नाव आहे. कोणाच्या मालकीची कोणती माणसे आहेत याचा हिशेब त्या पुस्तकांत ठेवला जाई. २०१७ मध्ये लोकवर्गणी काढून आणि शेकडो स्वयंसेवकांच्या मदतीने ती उतरवून घेण्याचे काम सुरू झाले आणि २०१८ पासून ती शोधता येऊ लागली. ज्यांच्या पूर्वजांना व्यक्ती म्हणून नोंदवलेच नव्हते, त्या वंशजांना आपल्या पणजी-खापरपणजीचे नाव त्याच पुस्तकांत सापडू लागले. अमेरिकेतही १८५० आणि १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या तक्त्यांत मालकाचे नाव आहे आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग व वर्ण एवढेच आहे. नावे जवळजवळ नाहीतच. म्हणून १८६५ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ या सरकारी खात्याची कागदपत्रे तेथील कृष्णवर्णीय कुटुंबांना इतकी मोलाची आहेत. त्यांत विवाहनोंदी आहेत, मजुरीचे करार आहेत, शिधावाटपाच्या याद्या आहेत आणि पुष्कळांचे नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा तेथेच आले आहे. २०१५ ते २०१६ या एका वर्षात हजारो स्वयंसेवकांनी त्यांतील सुमारे १८ लाख नावांची सूची केली.

जर्मनीतील बाड आरोल्सन येथील अभिलेखागारात नाझींनी छळलेल्या लोकांविषयीची कागदपत्रे आहेत. छळछावण्यांच्या कार्यालयांनी कैद्यांची कार्डे भरली होती : नाव, जन्मतारीख, व्यवसाय, धर्म, कोणत्या छावणीतून कोणत्या छावणीत पाठवले. २०२० पासून ही कार्डे जगभरातील लोक, त्यांत शाळकरी मुलेही, उतरवून घेत आहेत. कार्ड भरणाऱ्याला त्या माणसाला क्रमांक बनवायचे होते. उतरवणारा त्याच कार्डावरचे नाव अक्षर अक्षर वाचतो. ही विटंबना नाही, असे मी पूर्ण विचारान्ती म्हणतो.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण याहून नाजूक आहे. १९०१ च्या स्थलांतर-निर्बंध कायद्याखाली गौरेतरांना देशात येऊ न देण्यासाठी कोणत्याही युरोपीय भाषेत ५० शब्दांचे श्रुतलेखन घेण्याची तरतूद होती. आधीपासून तेथे राहणारे चिनी, भारतीय, जपानी आणि इतर लोक काही काळासाठी मायदेशी जात, तेव्हा परतताना ही परीक्षा द्यावी लागू नये म्हणून त्यांना सूट-प्रमाणपत्र काढावे लागे. या प्रमाणपत्रांवर समोरून आणि बाजूने काढलेली छायाचित्रे आहेत आणि मागे शाईत उमटवलेला तळहाताचा ठसा आहे. गुन्हेगारासारखी वागणूक देणारे हे कागद ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हजारोंनी आहेत. २०१७ मध्ये कॅनबेरा येथील जुन्या संसदगृहात लोकांना बोलावून ते उतरवून घेण्याचा कार्यक्रम झाला. तो संपूर्ण कायदा ज्यांना देशाबाहेर ठेवण्यासाठी होता तीच माणसे, त्या कायद्याच्या कागदांमुळेच, चेहऱ्यानिशी देशाच्या इतिहासात दिसू लागली आहेत.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. मूळ कागदातील अपमानकारक शब्द उताऱ्यात गाळू नयेत, कारण ते गाळले तर सरकारने माणसांना कसे वागवले याचा पुरावाच पुसला जाईल. मात्र आपण स्वतः शीर्षक, टॅग किंवा वर्णन लिहितो तेव्हा ते शब्द आपले म्हणून वापरू नयेत. त्या लोकांना आज स्वतःसाठी जे नाव योग्य वाटते ते लिहावे. हयात असण्याची शक्यता असलेल्या व्यक्तीविषयी आजाराची, दत्तकाची किंवा गुन्ह्याची माहिती दिसली, तर ती टंकण्याआधी अभिलेखागाराला कळवावे. ज्या समाजाचे ते दप्तर आहे त्या समाजाने एखादी प्रतिमा दाखवू नये असे म्हटले, तर त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. कायद्याने खुले झालेले सारेच दाखवण्याजोगे असते असे नाही.

प्रश्न : मला हे काम करावेसे वाटते, परंतु जुने हस्ताक्षर वाचता येत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : छापील मजकुरापासून. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रे आणि सरकारी राजपत्रे आहेत. यंत्राने वाचलेला मजकूर एका बाजूला आणि मूळ पान दुसऱ्या बाजूला दिसते आणि ओळ चुकली असेल तर ती तेथेच सुधारता येते. २००८ पासून लोक ही दुरुस्ती करत आले आहेत. डोळा बसला की मग टंकलिखित सरकारी पत्रे, त्यानंतर रकाने आखलेले हस्तलिखित तक्ते आणि शेवटी सलग हस्तलिखित पत्रे असे पुढे जावे. तक्ते सोपे जातात, कारण रकान्याच्या मथळ्यावरून आत काय असणार हे आधीच कळते. इंग्रजीतील जुन्या हस्ताक्षरांसाठी ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराचा, १५०० ते १८०० या काळातील लेखनाचा, विनामूल्य ऑनलाइन पाठही आहे.

एखादे अक्षर लागत नसेल तर त्याच पानावर, त्याच हाताने लिहिलेला, आपल्याला नक्की ठाऊक असलेला शब्द शोधावा. महिन्यांची नावे आणि पत्राचा ठराविक मायना या कामी फार उपयोगी पडतात. त्यातील अक्षरे कशी काढली आहेत ते पाहून अडलेला शब्द पुन्हा वाचावा. एकाच लेखकाची पाने सलग घ्यावीत, प्रकल्प बदलत राहू नये. पहिल्या काही पानांना वेळ लागतो, पण त्या माणसाचा हात ओळखीचा झाला की वेग आपोआप येतो.

आणि जे सापडेल त्याचा पत्ता त्याच क्षणी लिहून ठेवावा. छायाचित्र उतरवून घेतले आणि संदर्भ लिहिला नाही, तर तेच पान पुन्हा शोधणे कठीण जाते, कारण संकेतस्थळांचे दुवे बदलतात. अभिलेखागाराचे नाव, मालिकेचा क्रमांक, फाइल किंवा खंड, आणि पान एवढे पुरेसे आहे. क्यू येथील जहाजांच्या रोजनिश्यांची मालिका ‘एडीएम ५३’ आहे. तिच्यापुढे खंडाचा क्रमांक आणि नोंदीची तारीख लिहिली की जगातील कोणालाही तेच पान काढून आपले वाचन तपासता येते.